म्हशीची लाल लघवी: गोचीड ताप की फॉस्फरसची उणीव?

प्रश्न: कातळावरचा गोठा, राजापूर

नमस्कार. राजापूर तालुक्यात कातळसड्याच्या कडेला आमचा नऊ जनावरांचा गोठा आहे. पाच म्हशी, दोन संकरित जर्सी गाई आणि दोन गावठी गाई. वर्षभरात या गोठ्यात तीन जनावरांना लाल लघवी झाली. त्यांपैकी एक आम्ही गमावले आणि दोन वाचली. तिन्ही वेळा लक्षण एकच दिसले, पण कारण मात्र एक नव्हते, असे आता वाटू लागले आहे, आणि त्याविषयीच येथील जाणकारांना विचारायचे आहे.

गेल्या वर्षी कार्तिकात आमची चौथ्या वेताची मुऱ्हा म्हैस व्यायली. दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध देत होती. व्यायल्यानंतर अठराव्या दिवशी सकाळी धार काढायला बसलो, तेव्हा तिची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली. कासेच्या मागे आणि शेपटीखाली गोचिडी होत्याच, त्यामुळे उपचाराला आलेल्या व्यक्तीने गोचीड ताप गृहीत धरून इंजेक्शन दिले. ताप मोजला गेला नाही आणि रक्तही तपासले गेले नाही. दुसऱ्या दिवशी लघवी आणखी काळपट झाली, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसू लागल्या, चार पावले चालली तरी तिला धाप लागे. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली. तिचे पारडू आम्ही दुसऱ्या म्हशीच्या दुधावर वाढवले आहे.

यंदा आषाढात जर्सी गाईला तोच त्रास झाला. या वेळी आम्ही आधी थर्मामीटर लावला, तर ताप १०६ अंश फॅरनहाइट होता. डॉक्टरांनी कानाच्या टोकाचे रक्त काचपट्टीवर घेऊन तपासून आणले, त्यात बबेसिया हा गोचीड तापाचा परजीवी दिसला, इंजेक्शन दिले आणि तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. त्यानंतर तीन आठवड्यांपूर्वी आणखी एका म्हशीला, व्यायल्यापासून सोळाव्या दिवशी, लाल लघवी सुरू झाली. हिचा ताप १०१ अंश, म्हणजे नेहमीचाच. काचपट्टीवर काही सापडले नाही, परंतु रक्तातील फॉस्फरस १०० मिलीलिटरमागे अवघा १.३ मिलिग्रॅम निघाला. शिरेतून फॉस्फेट दिल्यावर ती सावरली.

आता घरात दोन मते आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, मूळ गोचिडीच आहेत, त्या रक्त पितात म्हणून अंगातील फॉस्फरस संपतो. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतके ज्ञानही नाही. तेव्हा फॉस्फरसची उणीव आणि गोचीड ताप यांचे एकमेकांशी नेमके नाते काय, गेल्या वर्षीच्या म्हशीचे निदान चुकले होते का, आणि पुढच्या वितांसाठी वैरणीत काय बदल करावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: निवृत्त पशुवैद्यक, दापोली

राजापूरकर, आपण तिन्ही वेळच्या नोंदी इतक्या नीट ठेवल्या आहेत की उत्तर देणे सोपे झाले आहे. आधी नात्याचा प्रश्न घेतो.

लघवी लाल होते, ती रक्तातील तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात म्हणून. पेशी फुटल्या की त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर पडते, मूत्रपिंडातून गाळले जाते आणि लघवीला कोकमाच्या आगळापासून कोऱ्या कॉफीपर्यंत कोणताही रंग येतो. गोचीड तापात ही पेशी फोडणारा परजीवी असतो. बबेसिया गोचिडीच्या लाळेतून जनावराच्या रक्तात उतरतो, तांबड्या पेशीत शिरतो, तेथे दुभागतो आणि पेशी फोडून बाहेर पडून पुढच्या पेशीत घुसतो. फॉस्फरसच्या उणिवेत बाहेरचा शत्रू कोणी नसतो. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि ऊर्जा निर्माण करणारी मायटोकॉन्ड्रियाही नसतात. ग्लुकोजचे विघटन करून जी थोडीबहुत ऊर्जा मिळते, तिच्यावरच या पेशीचा निभाव लागतो आणि त्या कामाला पावलोपावली फॉस्फेट लागते. रक्तातील फॉस्फरस घसरला की पेशीतील एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे फॉस्फेटयुक्त संयुग, घटते, आवरणाची लवचिकता जाते, आणि एरवी केसाहून बारीक वाहिन्यांतून वाकून सहज निघून जाणारी पेशी तेथेच फुटते. प्रौढ म्हशीच्या रक्तात १०० मिलीलिटरमागे साधारण ४ ते ७ मिलिग्रॅम अजैविक फॉस्फरस असायला हवा. आपल्या म्हशीचा १.३ हा आकडा म्हणजे धोक्याच्या रेषेच्या कितीतरी खाली.

यावरून लक्षात येईल की दोन्ही आजार एकाच पेशीवर घाला घालतात, पण त्यांचा मार्ग वेगळा आहे. फॉस्फरस कमी झाला म्हणून गोचीड ताप होत नाही, कारण त्याला परजीवी लागतोच. गोचिडींनी रक्त प्यायल्यामुळे फॉस्फरस संपतो, हे आपल्या बंधूंचे म्हणणेही ग्राह्य धरता येत नाही. एक टम्म फुगलेली मादी गोचीड साधारण अर्धा ते एक मिलीलिटर रक्त पिते. शेकडो गोचिडी लागल्या तर जनावर निश्चितच रक्तक्षयी होते, मात्र फॉस्फरसचा खरा निचरा कासेतून होतो. म्हशीच्या दर लिटर दुधातून एक ग्रॅमहून थोडा अधिक फॉस्फरस बाहेर जातो. बारा लिटरच्या म्हशीचा हिशेब आपणच करून पाहावा. म्हणूनच हा विकार तिसऱ्या ते सहाव्या वेतातील भरपूर दुधाच्या म्हशींना, आणि व्यायल्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत, म्हणजे दूध चढत असताना आणि भूक अजून पुरती परतलेली नसताना होतो. म्हशींत तो कधी कधी गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांतही आढळतो.

तरीही दोघांची एक गाठ पडते आणि ती व्यवहारात महत्त्वाची आहे. लहानपणी बबेसियाचा संसर्ग होऊन गेलेले जनावर बरे दिसले, तरी परजीवी अत्यल्प संख्येने त्याच्या रक्तात दीर्घकाळ राहतो. नऊ महिन्यांच्या आतील वासरांना हा रोग सहसा तीव्र होत नाही, त्यामुळे गावठी जनावरे बालपणीच त्याला तोंड देऊन मोकळी होतात. पुढे वीण, लांबचा प्रवास, उपासमार असा ताण आला की दबलेला संसर्ग उसळू शकतो. फॉस्फरसही नेमका विणीनंतरच घसरतो. म्हणजे एकाच पंधरवड्यात, एकाच जनावराच्या शरीरात दोन्ही गोष्टी घडू शकतात आणि आधीच दुबळ्या झालेल्या पेशींवर परजीवीचा भार पडतो. अशा जनावराला केवळ एकाच रोगाचा उपचार दिला तर ते अर्धेच सुधारते, आणि मग औषध लागू पडत नाही असा समज होतो.

निदानाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जनावर येथेच वाचते किंवा जाते. सर्वांत आधी लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत धरून तासभर न हलवता ठेवावी. तळाशी लाल साका बसला आणि वरचा भाग निवळला, तर ते मूत्रमार्गातील रक्त आहे आणि त्याची कारणे निराळी आहेत. सगळी बाटली एकसारखी रंगीत राहिली तर पेशी रक्तातच फुटत आहेत. त्यानंतर थर्मामीटर. गोचीड तापात पहिल्या दिवसांत ताप १०४ ते १०७ अंशांपर्यंत जातो, जनावर रवंथ थांबवते आणि खाणे सोडते. फॉस्फरसच्या उणिवेत ताप बहुधा नसतो, पहिला दिवसभर म्हैस खातही असते, मात्र दूध एकदम उतरते आणि शेण घट्ट होऊन तिला कुंथावे लागते. हा फरक शंभर टक्के भरवशाचा नाही. गोचीड तापाच्या अखेरच्या टप्प्यात जनावर गार पडते, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रथमच ताप मोजून तो नाही म्हणून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. म्हणून काचपट्टीवरचे रक्त आणि रक्तातील फॉस्फरस या दोन्ही तपासण्या हव्यात, आणि दोन्हींसाठी रक्त पहिले इंजेक्शन देण्यापूर्वीच घ्यायला हवे. काचपट्टीसाठी कानाच्या टोकाची बारीक शीर उत्तम, कारण परजीवी असलेल्या पेशी अशा ठिकाणी अधिक सापडतात. फॉस्फरससाठी घेतलेल्या रक्तातून सीरम लवकर वेगळे करावे. नमुना तसाच उन्हात फिरला तर पेशींतील फॉस्फेट बाहेर पडून आकडा खोटा वाढतो आणि उणीव झाकली जाते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. जनावराच्या अंगावर गोचिडी आहेत, एवढ्यावरून गोचीड ताप सिद्ध होत नाही. कोकणात पावसाळ्यानंतर गोचीड नसलेले जनावर शोधावे लागेल. याच्या उलट, काचपट्टीवर एखाद-दुसरा परजीवी दिसला म्हणूनही फॉस्फरसचा विचार सोडता येत नाही, कारण ते जनावर केवळ वाहक असू शकते.

गेल्या वर्षीच्या म्हशीबद्दल आपण विचारले आहे. ताप मोजलेला नसल्याने शिक्का मारून सांगणे योग्य होणार नाही. पण म्हैस, चौथे वेत, बारा लिटर दूध, अठरावा दिवस हे सारे एकत्र पाहिले की पारडे फॉस्फरसच्या बाजूला स्पष्टपणे झुकते. दिलेल्या इंजेक्शनाने ती गेली असे मनात आणू नका. उपचारातील चार दिवस वाया गेले, हे नुकसान मोठे होते. पापण्या पांढऱ्या पडण्याइतक्या पेशी फुटल्यावर नुसते फॉस्फेटही अपुरे पडते. अशा वेळी दुसऱ्या निरोगी जनावराचे चार-पाच लिटर रक्त चढवणे हाच सर्वांत प्रभावी उपाय असतो, आणि गाई-म्हशींत पहिल्या वेळी रक्त चढवताना विपरीत प्रतिक्रिया क्वचितच येते. हे खेड्यातील गोठ्यातही करता येते आणि मी स्वतः ते अनेकदा केले आहे.

उपचारात सोडियम अॅसिड फॉस्फेट शिरेतून देतात. मोठ्या जनावराला ६० ग्रॅम, ३०० मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, ही प्रचलित मात्रा आहे. पुढे काही दिवस ते तोंडावाटेही सुरू ठेवतात. हे काम पशुवैद्यकानेच करायचे असते. बाजारात शक्तिवर्धक म्हणून मिळणाऱ्या सेंद्रिय फॉस्फरसच्या इंजेक्शनांनी रक्तातील फॉस्फेटची एवढी मोठी तूट भरून निघत नाही, ही बाबही ध्यानात असावी.

उत्तर: दोडामार्गचा वाचक

आमच्याकडे २०१६ पासून माकडतापाची धास्ती आहे. काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांना तो होतो. गाईंच्या अंगावरच्या गोचिडींमुळे घरातील माणसांनाही हा लाल लघवीचा आजार होऊ शकतो का, आणि अशा जनावराचे दूध मुलांना द्यावे का, एवढे डॉक्टरांनी सांगितले तर बरे होईल.

उत्तर: निवृत्त पशुवैद्यक, दापोली

हे दोन रोग वेगळे आहेत. माकडताप विषाणूमुळे होतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, आणि तो पसरवणारी गोचीड प्रामुख्याने रानातील, हिमाफायसेलिस जातीची असते. गुरांमधील बबेसिया हा एकपेशीय परजीवी असून तो बहुतांशी गुरांच्या अंगावरच आयुष्य काढणारी रिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड पसरवते. गुरांचा हा बबेसिया दुधातून माणसाला होत नाही. मात्र उपचार चालू असताना आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध घरात किंवा डेअरीत देऊ नये.

आपल्या तालुक्यापुरती एक सूचना करतो. रानात चरून आलेल्या गुरांच्या अंगावर जंगली गोचिडीही येतात. गुरांना माकडताप होत नसला, तरी त्या गोचिडींची संख्या गुरांच्या रक्तावर वाढते. म्हणून डिसेंबर ते मे या काळात रानातून परतलेली गुरे घराच्या ओसरीपासून दूर बांधावीत आणि गोचिडी नुसत्या हातांनी कधीही चिरडू नयेत. रानात जाऊन आल्यावर आपल्याला ताप आला तर आरोग्य केंद्रात रानाचा उल्लेख अवश्य करावा.

उत्तर: भाजीमळा आणि गोठा, अलिबाग

डॉक्टरसाहेबांनी कारणे छान उलगडली आहेत. त्यांत आमच्या अनुभवातून आणखी एकाची भर घालते, कारण आमच्याकडे तेच घडले होते.

आमचा भाजीचा मळा आहे. हिवाळ्यात कोबीची बाहेरची पाने आणि मुळ्याचा पाला ढिगाने निघतो, आणि तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही म्हशींपुढे टाकत असू. एका वर्षी पांढऱ्या कांद्याचा भाव पडला, तेव्हा मऊ पडलेला कांदाही टोपल्याच्या टोपल्या गोठ्यात गेला. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीला दहा-बारा दिवसांत लाल लघवी सुरू झाली. ताप नव्हता, गोचिडी मात्र होत्या. आम्हीही आधी गोचिडींनाच दोष दिला. आलेल्या डॉक्टरांनी काय खाऊ घालता असे विचारले, आणि पाल्याचे व कांद्याचे नाव ऐकताच ते दोन्ही बंद करायला सांगितले. त्यांनी समजावले ते असे की, कोबी, मुळा, मोहरी या कुळातील पाल्यात आणि कांद्यात गंधकाची अशी संयुगे असतात, जी जनावराच्या पोटात गेल्यावर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन बिघडवतात आणि पेशी फुटतात. फॉस्फरस आधीच कमी असलेल्या जनावराला हा पाला अधिक बाधतो.

आमची म्हैस फॉस्फेटवर आणि पाला थांबवल्यावर वाचली. तेव्हापासून व्यायलेल्या जनावराला पहिले दोन महिने हा पाला आम्ही देतच नाही, आणि इतरांनाही गवत-पेंढ्यात मिसळून अगदी थोडा देतो. कांदा तर कोणालाच घालत नाही. दादा, तुमच्या घरी असा काही पाला गोठ्यात जातो का, हे एकदा आठवून पाहा.

उत्तर: कृषी पदवीधर, लांजा

वैरणीच्या प्रश्नावर लिहितो, कारण या विकाराचे मूळ माझ्या मते गोठ्याच्याही पलीकडे, आपल्या मातीत आहे.

आपली जांभ्याची माती लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली आहे, तिचा लाल रंग त्यातूनच येतो. तीन हजार मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस या मातीतील चुना व इतर क्षार धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते. आम्ल मातीत हे ऑक्साइड फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात. म्हणजे मातीत फॉस्फरस असतो, पण मुळांना तो उचलता येत नाही. कातळावर बोटभर मातीत उगवणारे आणि दिवाळीपर्यंत वाळून जाणारे गवत तर यात सर्वांत दरिद्री असते. गवत वाळत जाते तसा त्यातील फॉस्फरस आणखी घटतो. विणीचा हंगाम आणि वाळक्या वैरणीचा हंगाम आपल्याकडे एकाच वेळी येतात, ही मोठी अडचण आहे.

पेंढ्याचे गणित त्याहून बोलके आहे. भात पक्व होताना रोपातील बहुतेक फॉस्फरस काडीतून दाण्यात जातो, आणि दाण्यातही तो प्रामुख्याने तांदळावरच्या पातळ थरात, म्हणजे कोंड्यात साठतो. त्यामुळे भाताच्या पेंढ्यात शेकडा जेमतेम ०.१ फॉस्फरस उरतो, तर कोंड्यात तो शेकडा सुमारे १.३ ते १.६ असतो. म्हशीने दिवसाला दहा किलो पेंढा खाल्ला तर तिच्या पोटात फार तर दहा ग्रॅम फॉस्फरस जातो, आणि त्यातला काही भाग शेणावाटे निघून जातो. बारा लिटर दुधातूनच तेवढा बाहेर पडतो, मग शरीराच्या स्वतःच्या गरजेला काय उरणार? याच म्हशीला दोन किलो कोंडा दिला तर पंचवीस-तीस ग्रॅमची भर पडते. कोंड्यातील फॉस्फरसचा मोठा भाग फायटेटच्या रूपात असतो, तो कोंबडीला किंवा माणसाला पचत नाही, परंतु म्हशीच्या पोटातील जीवाणू तो मोकळा करतात.

आपल्याकडे होते ते असे: आपण भात गिरणीवर नेतो, तांदूळ घरी आणतो, कोंडा भरडाईच्या बदल्यात गिरणीवरच सोडतो आणि पेंढा म्हशीपुढे टाकतो. रोपातला ज्या भागात फॉस्फरस आहे, नेमका तोच आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचत नाही. मला हे समजले तेव्हा फार हळहळ वाटली, कारण लहानपणी आमच्या घरी आजी कोंड्याचा कणही वाया जाऊ देत नसे आणि आंबोणात तो न चुकता घालत असे.

काही पथ्ये सांगतो. कोंडा आणि तूस यांत गल्लत करू नये, कारण तुसात फॉस्फरस नसल्यासारखाच आहे. ताज्या कोंड्यात तेल भरपूर असल्याने तो आठवड्या-दोन आठवड्यांत खवट होतो, म्हणून थोडा थोडा आणावा, आणि दोन किलोंच्या वर देऊ नये, अन्यथा पचन बिघडते. तेल काढलेला कोंडा टिकतो आणि त्यात फॉस्फरस तेवढाच असतो. कोंड्यात कॅल्शियम मात्र नगण्य आहे, त्यामुळे सोबत खनिज मिश्रण हवेच. मिश्रण घेताना पाकिटावर फॉस्फरसचे शेकडा प्रमाण लिहिलेले आहे का ते वाचावे, कारण स्वस्त मिश्रणांत नुसता चुनाच अधिक असतो. डायकॅल्शियम फॉस्फेट घेतल्यास ते पशुखाद्याच्या दर्जाचे असावे. शेतातील सुपर फॉस्फेट किंवा डीएपी हे खत जनावराला कधीही चारू नये, ही विनंती मी हात जोडून करतो, कारण सुपर फॉस्फेटमधील फ्लोरिन आणि डीएपीमधील अमोनिया जनावराला घातक आहेत. ते खत शेतातच, चाऱ्याच्या पिकाला द्यावे आणि माती फार आम्ल असेल तर माती परीक्षण करून चुना टाकावा.

उत्तर: कातळावरचा गोठा, राजापूर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी विचारलेल्या पाल्याबद्दल सांगायचे तर आमच्याकडे कोबी नाही, पण परसातील मुळ्याचा पाला दोन्ही म्हशींना दिला गेला होता, हे आईने आठवून सांगितले. प्रमाण थोडे होते, तरी तो आता बंद केला आहे.

लांज्याच्या दादांचे पेंढ्याचे गणित मी भावाला वाचून दाखवले. आमचाही कोंडा गिरणीवरच राहतो. यंदा भरडाईचे पैसे रोख देऊन कोंडा परत आणायचे ठरले आहे. आणखी एक गोष्ट आता लक्षात येते. गेल्या वर्षी गेलेली म्हैस गाभण असताना कुंपणाचे खांब चघळायची, आणि एकदा तर वाळत घातलेली गोधडीही तिने चावून टाकली होती. आम्ही ती खोड समजलो. तो याच उणिवेचा भाग होता का? शिवाय आमच्या आणखी दोन म्हशी फाल्गुनात व्यायच्या आहेत. त्यांना आतापासूनच दुप्पट खनिज मिश्रण सुरू करावे आणि सगळ्या गोठ्यावर गोचिडीचे औषध एकदाच जोरदार मारून घ्यावे, असा विचार आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर: निवृत्त पशुवैद्यक, दापोली

खांब आणि गोधडी चघळणे ही खोड नव्हती, ती फॉस्फरसची भूक होती. अशी जनावरे माती चाटतात, हाडे सापडली तर हाडेही चघळतात. दक्षिण आफ्रिकेत सर अरनॉल्ड थायलर यांनी नेमके हेच पाहिले होते. तेथील गुरे फॉस्फरसच्या भुकेने माळावरची कुजकी हाडे चघळत आणि त्यांतील विषाने मरत. हाडांचा भुगा चारल्यावर ही भूक आणि तिच्यामुळे होणारे मृत्यू दोन्ही थांबले. गोचिडींमधून पसरणाऱ्या ज्या परजीवीला आपण थायलेरिया म्हणतो, त्याचे नाव याच थायलर यांच्यावरून पडले. एकाच माणसाने गोचिडींचे रोग आणि मातीतली फॉस्फरसची उणीव या दोन्ही गोष्टींचा माग काढला होता, याचे मला विद्यार्थिदशेपासून कौतुक वाटत आले आहे. संकरित गाईला ताप येऊन खांद्यापुढच्या किंवा मांडीपुढच्या गाठी सुजल्या, तर बबेसियाऐवजी थायलेरियाची शंका घ्यावी. त्याचे औषध वेगळे आहे आणि त्यात लघवी बहुधा लाल नसते.

आपल्या दोन्ही बेतांत मात्र बदल सुचवतो. विणीच्या आधी दुप्पट खनिज मिश्रण देऊ नका. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत कॅल्शियम आणि फॉस्फरस गरजेपेक्षा फार वाढवले, तर हाडांतून कॅल्शियम सोडवून घेण्याची शरीराची सवय मंदावते आणि व्यायल्याबरोबर म्हैस दुग्धज्वराने खाली बसते. आत्ता दिवसाला ५० ग्रॅम मिश्रण आणि किलोभर कोंडा पुरे. व्यायल्यावर दूध चढेल तसा कोंडा दोन किलोंपर्यंत वाढवा. दहाव्या दिवसापासून महिना पुरा होईपर्यंत रोज सकाळी लघवीचा रंग पाहा आणि किंचितही गडद वाटली तर थर्मामीटर लावून आकडा गोठ्यातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

गोचिडीचे औषध एकदाच जोरदार मारणे उपयोगाचे नाही. ही गोचीड जनावराच्या अंगावर साधारण तीन आठवडे राहते, मग मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते, आणि बबेसिया त्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत उतरतो. आज अंगावरच्या मेल्या तरी गवतातली पिल्ले पुन्हा चढतात. म्हणून वेष्टनावर सांगितलेल्या तीव्रतेनेच, सर्व जनावरांना एकाच दिवशी, कान, शेपटीचे मूळ आणि कासेमागची जागा न चुकवता औषध लावावे, आणि साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा लावावे. औषध पातळ करून वारंवार मारले की गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात. गाभण आणि दुभत्या जनावरांना कोणते औषध चालते, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गावठी गाईंच्या वासरांच्या अंगावर चार-दोन गोचिडी राहिल्या तर त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. त्यांना कोवळ्या वयात झालेला सौम्य संसर्गच पुढे त्यांचे रक्षण करतो. जर्सीची कालवड मात्र बाहेरून विकत आणलीत तर पहिले दोन महिने तिच्याकडे रोज लक्ष असू द्या. फाल्गुनात दोन्ही म्हशी व्यायल्या की येथे जरूर कळवा. शक्य असल्यास बाराव्या दिवशी दोघींच्या रक्तातील फॉस्फरस तपासून तो आकडाही लिहा.